आकसपट्टी

उद्यमबागेत एकतीस वर्षं मी साचे केले,
सागवानाचे. पंपाचं पोट, मोटारीची झाकणं,
ट्रॅक्टरचे कसले कसले कान.
ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं,
म्हणून साचा ठेवायचा शंभराला एक जास्त,
आणि त्यासाठी पट्टी वेगळी असते,
तिच्यावरचा फूट खऱ्या फुटाहून किंचित लांब.
आकसपट्टी म्हणायचो आम्ही.
रिटायर झालो त्या दिवशी तेवढी घरी आणली,
कुणाला न विचारता.

मग गाडी घ्यायचं ठरलं.
आत झोपायचं, आतच चहा,
चोर्ल्याच्या घाटात धुकं आलं तर थांबायचं,
नाही आलं तरी थांबायचं.
प्रश्न एकच उरला: केवढी?

हायवेच्या अड्ड्यावर बसगोंडानं तीन दाखवल्या.
पहिली ओम्नी. पाय पसरले
तर अंगठे मागच्या काचेला.
शेवटची शाळेची बस, पिवळी,
आत अजून कुणाचा तरी डबा सांडल्याचा वास.
तिच्यात न्हाणी बसते, कपाट बसतं,
पोरीचं जुनं शिलाई मशीनसुद्धा बसतं.
मी खूश. बसगोंडा माझ्याहून खूश.
शेवंता म्हणाली,
"आणि ही वडगावच्या बोळात कशी बसूची?
ही आत आली की आपण बाहेर कुठनं जाऊचं?"

मधली चिंचेखाली उभी होती,
पांढरी ट्रॅव्हलर, आखूड बांध्याची.
आत शेवंता ताठ उभी राहिली,
मला मान घालावी लागली.
घालीन. साच्यावर वाकूनच पोट भरलं.
पण नंबर कोल्हापूरचा,
म्हणजे ना-हरकत आणा, कर नव्यानं भरा;
निपाणी ओलांडली की
गाडीलासुद्धा परत नाव सांगावं लागतं.

शनिवारी अंगणात खडूनं तिन्ही आखल्या,
एकात एक.
ओम्नी चटईएवढी,
बसची रेघ पार हौदापर्यंत.
समोरचा इराप्पा माग थांबवून दारात आला,
"एन्री, मनी हंचकोळाकत्तीरेन?"
वाटणी करताय काय घराची!
त्याचंही बरोबर आहे.
आमच्याकडं जमिनीवर रेघ दिसली
की माणूस आधी वाटणीच समजतो.

शेवंतानं मधल्या चौकोनात स्टोव्ह मांडला.
"हितं तवा, हितं तू. आता वळ बघू."
वळलो. कोपर तिच्या कानाला.
"परत वळ."
तिसऱ्यांदा जमलं,
दोघांनी एकदम वळायचं नाही, एवढंच.
बसच्या चौकोनात मात्र
मीठ मागितलं तर ती उठून गेली,
आणि येताना विसरली कशाला गेली होती ते.

रात्री तिथंच झोपलो, खडूच्या आत.
पडल्या पडल्या माझ्या ध्यानात आलं:
हाताच्या सवयीनं मी मापं घेतली
आकसपट्टीनं.
सहा फुटाच्या बिछान्यामागं पाऊण इंच खोटा.
खऱ्या गाडीत तेवढं कमी पडणार.
तिला सांगितलं.
ती बराच वेळ काही बोलली नाही, मला वाटलं झोपली.
"मग आपण काय तेवढंच ऱ्हाणार हाय?" म्हणाली.
"गेल्या साली झंपर आत घेतला की मी.
तुझी पँट तर दुमडूनच घालतोस.
साकू. पुरंल."

सकाळी बसची रेघ
दूधवाल्याच्या सायकलनं नेली,
ओम्नी कोंबड्यांनी विस्कटली.
मधली तेवढी शाबूत,
फक्त डाव्या अंगाला, उशापासून चार फुटांवर,
एक पाऊलभर पुसलेली.
रात्री ती पाणी प्यायला उठली होती,
अंधारात, मला न ओलांडता.

सोमवारी बसगोंडाला इसार दिला.
पत्र्यावर बोट ठेवून सांगितलं,
दार हितं काप.